त्या दिवशी रिंगणात वाळू नव्हती

केरू दफेदार गेल्याचं मला पेपरातून कळलं. दीड महिना होऊन गेला त्याला. सकाळचा दुसरा चहा घेताना मी तालुक्याच्या बातम्यांचं पान चाळत होतो, तर एका कोपऱ्यात फेट्यातला फोटो दिसला. ओळखायला वेळ लागला नाही. खाली पाच-सहा ओळी होत्या. घोडेस्वारीचे जुने प्रशिक्षक, पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या गावी वृद्धापकाळाने निधन, मागे एक मुलगी. आणि शेवटी एक वाक्य... राहुरी तालुक्यातल्या एका निवासी शाळेत रिंगण खचून झालेल्या अपघातात त्यांचा पाय कायमचा अधू झाला होता.

‘रिंगण खचून’ हे दोन शब्द माझे आहेत. पन्नास वर्षांपूर्वी मी ते एका अहवालात लिहिले. तिथून ते संस्थेच्या कागदपत्रांत गेले, मग सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत छापले गेले आणि आता त्या माणसाच्या मृत्यूच्या बातमीतही येऊन बसले. बातमी लिहिणाऱ्या पोराचा काय दोष? त्याने जे छापील सापडलं ते उचललं. चहा तसाच गार झाला. सूनबाई म्हणाली, “नाना, कुणी ओळखीचं गेलं का?” मी म्हटलं, “हो, होते एक.” तेवढंच म्हटलं. आयुष्यभर मी या माणसाबद्दल तेवढंच म्हणत आलो. आता अठ्ठ्याहत्तरीत आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतो. पण हे आता नाही लिहिलं तर कुणीच लिहिणार नाही, कारण खरं काय घडलं ते पहिल्यापासून माहीत असलेला मी एकटाच उरलोय.

देवळाली प्रवरेच्या जवळ एका शिक्षणसंस्थेची मोठी निवासी शाळा होती. संस्थेचं नाव लिहीत नाही, तिथल्या कुणाचा यात दोष नाही. डिप्लोमा करून मी तिथे ओव्हरसिअर म्हणून लागलो तेव्हा पंचविशीचा होतो. आमचं गाव नेवाशाकडचं, घरी शेती. सिमेंट, विटा, लोखंड यांतलं मला कळत होतं आणि आपल्याला सगळंच कळतं असंही वाटत होतं. संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांनी कुठल्यातरी डोंगरावरच्या इंग्रजी शाळेत मुलांना घोड्यावर बसताना पाहिलं आणि परत आल्या आल्या मला बोलावून सांगितलं, “आपल्याकडेही रिंगण पाहिजे. शेतकऱ्यांच्या पोरांनी घोड्यावर बसायचं नाही असं कुठं लिहिलंय?” तिथल्या रिंगणाचा नकाशाही त्यांनी आणला होता. त्यात खाली काळी माती होती, वर हिरवळ आणि चहूबाजूंनी पाण्याचे नळ. मी नकाशा टेबलावर पसरला आणि कामाला लागणार, तेवढ्यात प्रशिक्षक म्हणून नेमलेला माणूस, केरू दफेदार, दारात उभा राहिला. चाळिशीच्या आतला, काटक, मिशा पिळलेल्या. फौजेत घोडे शिकवण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती.

नकाशाकडे त्याने एकदाच पाहिलं. “कुटलंय हे?”

“डोंगरावरचं. तिथे छान चालतं म्हणे.”

“तितं चालत आसंल. तितं आबाळ रोज झिरपतंय.” मग तो मला बाहेर घेऊन गेला, मूठभर माती उचलली, तिच्यावर थुंकला आणि तळहातावर वळून तिची गोळी केली. गोळी माझ्या हातावर ठेवून म्हणाला, “बगा साहेब. ही काळी. उन्हाळ्यात हिला भेगा पडत्यात, टाप आडकून पाय मोडायचा. पावसाळ्यात हीच घोड्याच्या नाला उपसून घील. आन् तुमी हिच्यावर हिरवळ लावनार. पानी कोन देनार, तुमचा मामा?”

मला राग आला. मी साहेब होतो, तो शिकवणारा. पण तो बोलला ते खरं होतं, त्यामुळे राग गिळावा लागला. पुढचे चार महिने मी हा माणूस काय काय करतो ते बघत राहिलो, कधी चिडून, कधी हसून, आणि शेवटी शेवटी, कबूल करतो, हेव्याने. त्याने आधी दोन दिवस नुसता त्या माळावर उभं राहून वारा कुठून येतो ते पाहिलं. सकाळ-संध्याकाळचं ऊन घोड्याच्या आणि स्वाराच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून रिंगणाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवली. पश्चिमेला करंजाची रोपं लावली. मग प्रवरेची वाळू, टेकाडावरचा मुरूम, ओढ्याची रेती, सगळं डबड्यांत भरून, तळाला भोकं पाडून तो व्हरांड्यात ओळीने मांडून बसला. प्रत्येकात तांब्याभर पाणी ओतायचं आणि किती वेळात खाली गळतं ते आकडे मोजत बघायचं. येणारे-जाणारे शिक्षक विचारायचे, “काय दफेदार, दवाखाना काढला का?” तो म्हणायचा, “व्हय. जमिनीची नाडी बगतोय. तुमची बगू का?”

घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला एकदा आम्ही बरोबर गेलो होतो, तर तिथेही हा बैल-घोडे सोडून जमिनीकडेच पाहत हिंडला. शेळ्यामेंढ्यांचे कळप जिथे वर्षानुवर्षं उभे राहतात तिथली माती त्याने पायाने उकरली. लेंड्या, गवताची काडी आणि मुरूम मिसळून ती स्पंजासारखी झाली होती. “साहेब, हितं पाय टाका. बगा कशी दबतीया आन् परत वर येतीया.” मी बूट खराब होतील म्हणून टाकला नाही. साखर कारखान्यातून तो चिपाडाचा भुगा घेऊन आला, जुनी लीद कुजवत ठेवली. काळी माती हातभर खोल उपसून बाहेर काढायला लावली. त्या पोकळीत मोठे दगडगोटे, त्यावर जाड मुरूम, तो पाणी मारून, दाबून, मधे उंच आणि कडेला उतरता. कडेने चर. आणि सगळ्यात वर त्याचा तो थर... वाळू, चिपाडाचा भुगा आणि लीद, बरोबर चार बोटं. तीन झाली की टाप खाली मुरमावर आदळते, पाच झाली की घोडा रुततो, असं तो सांगायचा. वाळूत ओल टिकावी म्हणून त्याने जाडं मीठ मिसळलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या बाया पोट धरून हसल्या. पण बहात्तर सालचा पाऊस हुकलेला होता. विहिरी तळाला गेल्या होत्या, गावं खडी फोडायला बाहेर पडली होती. अशा दिवसांत रिंगणावर शिंपडायला पाणी मागणं त्यालाच लाजिरवाणं वाटत होतं. मीठ आणि मोरीचं सांडपाणी यांवर त्याने ते रिंगण जिवंत ठेवलं.

जानेवारीत एकदा अवकाळी पाऊस झोडपून गेला. सगळ्या आवारात चिखल झाला, मुलांच्या चपला रुतून बसल्या, माझ्या अर्ध्या बांधलेल्या वसतिगृहाच्या पायात पाणी साठलं. मी छत्री घेऊन धावपळ करत होतो, तर मागून टापांचा मऊ आवाज आला. पाऊस थांबून घटका होत नाही तोच दफेदार रिंगणात हरणीला दुडक्या चालीने फिरवत होता. हरणी ही संस्थेची लाल घोडी, त्याची फार लाडकी. रिंगणात पाण्याचा थेंब साठलेला नव्हता. जाताना त्याने माझ्या छत्रीकडे बघून विचारलं, “साहेब, तुमच्या इमारतीला पोहायला शिकवायचं का?” माझ्या सगळ्या नोकरीत मी बांधलेलं किंवा बांधताना पाहिलेलं याच्याइतकं नेमकं काम दुसरं नाही, हे तेव्हाही मला कळत होतं. ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

होळीच्या आधी उद्घाटन ठरलं. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. आदल्या आठवड्यात सेक्रेटरीसाहेब रिंगणावर आले तेव्हा वारा सुटला होता आणि त्यांच्या धोतरावर बारीक धूळ बसली. ते म्हणाले, “ही धूळ पाहुण्यांवर नको उडायला. बघा काहीतरी.” एवढंच म्हणाले. पुढे अनेक वर्षं मी मनाशी आणि बायकोशी असं सांगत आलो की सेक्रेटरीसाहेबांनी मला हुकूम केला, मी नोकर माणूस, काय करणार? तसं नव्हतं. ‘बघा काहीतरी’ म्हणाले. काय करायचं ते मी ठरवलं.

दफेदार त्या वेळी तिथे नव्हता, खोगिरं आणायला पुण्याला गेला होता आणि उद्घाटनाच्या सकाळी परतणार होता. आणि मी शेतकऱ्याचा मुलगा. धूळ उडू नये अशी जमीन कशी करायची हे मला शिकवावं लागत नव्हतं. आमच्याकडे सुगीला धान्य मळायला खळं करतात तसं करायचं! पाणी मारून माती चोपायची, बैल फिरवून घट्ट करायची, शेणाने सारवायची, की झाली आरशासारखी. वाळूवर सारवण बसेना. म्हणून मी ती सगळी खरवडून काढायला लावली. दफेदाराचा चार बोटांचा थर, मिठासकट, भुग्यासकट, दुपारपर्यंत मुरमापासून वेगळा झाला. तो कुठे टाकावा हा प्रश्न होता, तर पाहुण्यांच्या मांडवात पायाखाली पसरला आणि वर सतरंज्या घातल्या. मुरमावर बोटभर चिकण काळी माती, त्यावर दुष्काळी कामावरचा रूळ आणून फिरवला, आणि मग खडीच्या कामावरच्या पंधरा-वीस बाया सारवायला लावल्या. पाण्याचा टँकर आलेला बघून त्यातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “मानसाला प्यायला न्हाई आन् घोड्याच्या पायाखाली सडा! घोडं हाय का जावई हाय?” सगळ्या हसल्या. पण त्यांनी ते सारवण जीव ओतून केलं. त्या वर्षी कुणाच्याच शेतात खळं झालं नव्हतं... मळायला काही आलंच नव्हतं. संध्याकाळी त्या ओळीने कडेला उभ्या राहून आपण केलेलं ते भलंमोठं खळं बघत होत्या. म्हातारी म्हणाली, “आवंदा एक तरी झालं.” मलाही फार समाधान वाटलं. अशी चूक आमच्यासारख्यांकडूनच होते. ज्यांच्या हातात खळं आहे त्यांना प्रत्येक जमीन खळं करावीशी वाटते.

सकाळी नऊच्या एस.टी.ने दफेदार आला आणि खोगिरांचं ओझं खांद्यावरून न उतरवता थेट रिंगणाच्या कडेला गेला. टाचेने एकदा ठोकलं. मग माझ्याकडे वळला.

“साहेब, हे खळं हाय. ह्याच्यावर बाजरी मळा. घोडी नगा पळवू.”

मी म्हटलं, “अहो, धुळीसाठी केलंय. एका दिवसाचा प्रश्न आहे.”

सेक्रेटरीसाहेब जवळ आले. पाहुण्यांच्या मोटारी फाट्यापर्यंत आल्याचा निरोप मिळाला होता. दफेदाराने त्यांना हात जोडले आणि सांगितलं की विद्यार्थ्यांना तो आज उतरवणार नाही. साहेब म्हणाले, “आता ऐन वेळी मी त्यांना काय दाखवू?” मग दफेदाराने मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू विचारलं, “साहेब, सारवनाच्या खाली माजा थर हाय ना? तो आसंल तर वरचं कवच फुटंल आन् टाप धरंल. मी एकटा हरणीला हळू फिरवून दावतो.”

मी मान हलवली. हो म्हणून.

का हलवली, याचं उत्तर मी पन्नास वर्षं शोधतोय आणि जे सापडतं ते फार क्षुल्लक आहे. पाहुणे येत होते, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्याचं चार महिन्यांचं काम मी एका दुपारी खरवडून टाकलं हे त्याच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली. बस्स. एवढ्यासाठी.

पहिल्या दोन फेऱ्या हरणी चालीने फिरली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी ‘जरा पळवा’ म्हणालं. दफेदाराने तिला दुडकीवर घेतलं. दक्षिणेच्या वळणावर तिचे पुढचे दोन्ही पाय एकदम बाहेर घसरले, जसे ओल्या फरशीवर घसरतात, आणि ती त्याच्यासकट बाजूला कोसळली. तिच्या पुढच्या पायाची नळी मोडली होती. जनावरांच्या डॉक्टरांना तिला तिथेच शांत करावं लागलं. दफेदाराचा खुबा मोडला आणि डोक्याला मार बसला. तो शुद्धीवर आला नगरच्या दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी. पुण्याहून आल्याचं, माझ्याशी बोलल्याचं त्याला आठवत होतं, पण रिकिबीत पाय टाकल्यानंतरचं काहीही नाही. हरणी कशी पडली ते त्याने इतरांकडून ऐकलं. म्हणजे माझ्याकडून.

संस्थेला वर कळवायचं होतं. मला दोन परिच्छेद लिहायला सांगितले. मी लिहिलं: प्रशिक्षकाने सुचवलेला वाळूचा थर प्रमाणापेक्षा जास्त असल्याने रिंगण खचून घोड्याचा पाय रुतला. लांबून सगळ्यांना घोडी नुसती कोसळलेली दिसली होती, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. तोपर्यंत मी ते सारवण उखडून टाकलं होतं आणि मांडवातली वाळू वसतिगृहाच्या जोत्याच्या भरावात गेली होती. बाया दुसऱ्या कामावर गेल्या होत्या. घोडेस्वारीचा वर्ग बंद झाला. दफेदाराला कुबडीसकट घरी पाठवलं. निरोप द्यायला मी फाटकापर्यंत गेलो. तो म्हणाला, “तुमची काय चूक न्हाई, साहेब. थर माजाच जादा पडला आसंल. पुण्याला जायच्या गडबडीत मी शेवटच्या पाट्या बगितल्याच न्हाईत.” मी त्याची पिशवी एस.टी.त चढवून दिली.

यानंतर बारा-तेरा वर्षांनी मी सरकारी नोकरीत होतो आणि जीपने पाथर्डीकडून चाललो होतो. रस्त्याला त्याच्या गावाचा फाटा लागला. का कोण जाणे, ड्रायव्हरला वळायला सांगितलं. त्याने आपल्या खडकाळ रानात स्वतःचं रिंगण केलं होतं. लंगडत, काठी टेकत, त्याने मला ते दाखवलं. आजूबाजूच्या गावांतली वरातीची घोडी तो शिकवायला घ्यायचा, पोलीस भरतीची तयारी करणारी काही मुलंही यायची. जुन्या गोष्टी काढल्या नाहीत. चहा झाला. मी उठलो, तेव्हा त्याने विचारलं, “साहेब, एकच सांगा. त्या दिशी माजा थर किती बोटं हुता? तुमी रूळ फिरवायच्या आदी बगितला आसंल. पाच हुता का सा?”

जीपमध्ये ड्रायव्हर होता, माझा कारकून होता. दोघं ऐकत होते. मी म्हटलं, “आता नाही आठवत हो, दफेदार.”

“व्हय, लई दिस झालं,” तो म्हणाला. “मला वाटलं, आटवत आसंल.”

यापेक्षा सोपं काही नव्हतं. ‘थर नव्हताच’ असे दोन शब्द. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेलो नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा जुना अहवाल मीच काढून दिला, आणि त्यातलं ते वाक्य खोडायला पेन हातात घेतला आणि खाली ठेवला. निवृत्त होऊन नगरला स्थायिक झालो, नातवंडं झाली. दरवर्षी म्हणायचो, या दिवाळीला पाथर्डीला जाऊन येऊ.

बातमी वाचल्यावर मी आधी संस्थेत गेलो. म्हटलं, कागदावरची चूक कागदावर दुरुस्त करू. ऑफिसातला तरुण क्लार्क फार अदबीने बोलला. म्हणाला, “आजोबा, त्या काळच्या फायली वाळवी लागून गेल्या. आता कुणाला काय फरक पडतो?” मी अर्ज लिहून नेला होता. त्याने तो घेतला, शिक्का मारून पोच दिली, आणि अर्ज कोणत्या फायलीला लावायचा हे त्याला कळेना. दहा मिनिटं तो आणि शिपाई कपाटं उघडून बघत होते. मी तिथून उठून आलो. पन्नास वर्षं ज्या कागदाला भ्यालो तो कागदच शिल्लक नव्हता, आणि खोटं मात्र पेपरात छापून येत होतं!

मग पाथर्डीची एस.टी. पकडली. दफेदाराची मुलगी मंदा आता साठीच्या घरात आहे. नवरा वारल्यापासून ती वडिलांजवळच राहत होती. मी नाव सांगितलं तशी पदर सावरत म्हणाली, “या की काका. आबा तुमचं नाव काडायचं. म्हनायचं, ओव्हरसिअरसायेब लई हुशार मानूस.” मला बसवेना. मी म्हटलं, आधी रिंगण दाखव.

घरामागे, बाभळीच्या कुंपणात ते रिंगण होतं. पण मी पाहिलं होतं तसं राहिलं नव्हतं. कडेने दगड रोवून त्याचे आठ भाग केले होते. मंदाने सांगितलं की प्रत्येक भागात थर वेगळा आहे, कुठे तीन बोटं, कुठे साडेतीन, कुठे पाच, कुठे वाळू जास्त, कुठे भुगा. दर उन्हाळ्यात आबा ते उकरायचे आणि प्रमाण बदलून परत भरायचे. नव्वदीतही खाटेवरून सांगायचे आणि ती पाट्या टाकायची. घोडी प्रत्येक भागातून नेऊन, तिचे कान आणि मान बघून ठरवायचे. “म्हनायचं, हरनी कशानं पडली ते मला कळाया पायजे. त्यापायी कुणाच्या लग्नाला गेलं न्हाईत, कुटं देवाला गेलं न्हाईत. आई चिडायची, मानसाला कळंस्तवर घोडं मरून चाळीस वर्सं झाली, म्हनायची.”

मी तिथेच उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. खळं, मांडव, सतरंज्या, माझं मान हलवणं, जीपमधलं ‘आठवत नाही’. एकही शब्द मऊ केला नाही. संपल्यावर तिने कुंपणाची एक काटकी मोडली, तिचे तुकडे केले.

“म्हंजी वाळू नव्हतीच.”

“नव्हती.”

“आन् आबाचं चार बोटं बरुबर हुतं.”

“हो.”

“ह्ये त्येन्ला सांगायला काय झालतं हो तुमाला?” आवाज चढला नव्हता, तरी मला मागे सरकावंसं वाटलं. “हितनं नगर दोन तासांवर हाय. पन्नास वर्सांत दोन तास न्हाई गावलं? मानूस रोज बोटं घालून माती मोजत बसला. रोज. मी बगितलंय. आता मला सांगून माझं काय करता? मी काय वर जाऊन सांगू?”

मी म्हटलं, पेपरात लिहितो. छापून आणतो.

“लिवा. नक्की लिवा. न्हाई लिवलं तर मीच यीन तुमच्या दारात.” मग ती थोडी थांबली आणि रिंगणाकडे हात केला. “पर आदी ह्याचं सांगा. ह्यातलं कुटलं ठेवू आन् कुटलं उकरू? चार बोटं तितल्या मातीला हुती. हितं खडक हाय, पाऊस न्हाई. आबा शेवटी म्हनत हुतं, आठातलं एक बरुबर झालंय, पर कुटलं ते सांगायच्या आदी वाचा गेली. तुमी विंजनेर मानूस. बगून सांगा.”

मी वाकलो, हे काय नाटक करतोय असं मनाशी म्हणत एका भागात बोटं खुपसली, मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. सगळीकडे वाळू लागली, भुगा लागला, थोडी ओल लागली. कुठे कमी, कुठे जास्त. यातलं बरोबर कोणतं ते मला सांगता येईना. पुस्तकात ते नव्हतं, आणि मी आयुष्यात कधी घोड्यावर बसलो नव्हतो.

“मला नाही कळत, मंदा,” मी म्हटलं.

ती वळली. दावणीची म्हातारी घोडी सोडली आणि रिंगणात आणली. रोजची वेळ झाली होती. दोर सैल सोडून ती पहिल्या दगडापासून चालायला लागली, आणि प्रत्येक दगडापाशी जरा थांबून, वडील बघायचे तसे घोडीचे कान बघत, पुढच्या भागात जात राहिली. एक फेरी झाली, दुसरी झाली. घोडी सगळीकडे सारखीच चालत होती, किंवा मला तरी तसं वाटत होतं. मी कुंपणाजवळ उभा राहून बघत होतो. चौथ्या की पाचव्या फेरीला, उत्तरेच्या वळणावर, मंदा एकदम थबकली, खाली पाहिलं, पुन्हा घोडीच्या कानांकडे पाहिलं. मी ओरडून विचारलं, “काय झालं?”

“गप ऱ्हावा जरा,” ती म्हणाली, आणि घोडीला मागे वळवून तो भाग पुन्हा एकदा चालवला.